झिलूने पाहिलेलं विद्यापीठ

गुंद गावच्या झिलूला लहानपणापासून एक खोड होती. कुठलीही वस्तू कुठून आली आणि कुठे चालली, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. जंगलात लाकूड कापायचं हा त्याचा धंदा. खड्डा खणून त्यावर सागाचा ओंडका आडवा टाकायचा, एकाने वर उभं राहायचं, दुसऱ्याने खाली खड्ड्यात, आणि दोघांनी मिळून लांबलचक करवत खालीवर ओढायची. झिलू खालचा. दिवसभर अंगावर भुसा पडायचा, पण तोंडाला विसावा नसे. ही तुळई कुणाच्या घरावर चढणार, ही फळी कुठल्या दाराला लागणार, असं तो वर उभ्या असलेल्या मेव्हण्याला, परशूला, विचारत राही. परशूला ते ठाऊक नसे आणि जाणून घ्यायची हौसही नसे.

पहिलं महायुद्ध संपत आलं होतं, त्या सुमाराला मुकादमाने सांगितलं की आताचं सगळं लाकूड अळणावरहून रेल्वेने खाली दक्षिणेला, तिकडच्या संस्थानाच्या राजधानीत जाणार आहे. तिथे विद्यापीठ उभं राहतंय. विद्यापीठ म्हणजे काय, असं झिलूने विचारलं, तेव्हा मोठी शाळा एवढंच उत्तर मिळालं. झिलूने सुप्याची शाळा पाहिली होती. तिच्या अख्ख्या छपराला लागलं असेल त्याच्या कितीतरी पट लाकूड त्याने आणि परशूने दोघांनीच कापून दिलं होतं, आणि तरी गाड्यांमागून गाड्या भरतच होत्या. ही कसली शाळा, हा प्रश्न त्याच्या डोक्यात घर करून बसला. तिकडेही करवतीवर माणसं हवी आहेत असं कळताच तो निघाला. बायकोला, फुलाला, त्याने भाताच्या लावणीच्या आत परततो म्हणून शब्द दिला.

तिथे पोचल्यावर तो पहिल्यांदा शाळाच शोधत फिरला. लाल मातीचा उघडा माळ, त्यावर जागोजाग इमारती उठत होत्या. एका दगडी इमारतीत मुलं ओळीने बसून ऐकत होती. ती शाळा असेल म्हणावं, तर शेजारच्या इमारतीतून उग्र वास येत होता आणि आत मुलं काचेच्या नळ्यांत काहीतरी उकळत होती. पलीकडे नुसत्या पुस्तकांसाठी एक दिवाणखाना बांधत होते. लोखंडी पायांवर पाण्याची टाकी उभी होती आणि नळ फिरवला की पाणी वरून खाली येत होतं. झिलूला कानडी येत होती, त्यामुळे तो प्रत्येक ठिकाणी विचारी, शाळा ती कुठली? आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर मिळे, हीसुद्धा.

पुस्तकांच्या दिवाणखान्याची फळ्यांची कपाटं होईपर्यंत पाऊस आला. झिलू काही लावणीला गेला नाही. कपाटं संपली तशी नव्या कामावर त्याला लावलं. लांबच लांब चाळ होती ती, ओळीने खोल्या, प्रत्येक खोलीत एक खाट, एक मेज, एक खिडकी. इथे दूरदूरची मुलं राहणार म्हणे. त्या चाळीच्या पूर्ण झालेल्या भागात पुट्टय्या नावाचा एक विद्यार्थी राहत होता, मलनाडच्या डोंगराळ मुलखातल्या सुपारीच्या बागांमधला. झिलू त्याच्या खिडकीची झडप बसवायला गेला आणि नेहमीप्रमाणे विचारत बसला. एवढ्या इमारतींतली तुला सगळ्यात मोठी कुठली वाटते?

पुट्टय्याने थोडा विचार केला. "ही खोली," तो म्हणाला. "माझं गाव डोंगरात आहे. रोज इथे येणं कसं जमणार? ही खोली नसती, तर बाकीचं विद्यापीठ माझ्यासाठी नसल्यासारखंच."

झिलूने जेवणाची जागाही पाहिली. तिथे जातीजातीच्या पंगती वेगळ्या. वर्गात एका बाकावर बसणारी मुलं इथे वेगळी कशी, हे त्याने बऱ्याच जणांना विचारलं, पण सरळ उत्तर कुणी दिलं नाही.

वर्ष उलटून गेलं. दर हंगामात नवी इमारत सुरू होई आणि झिलूचं परतणं लांबे. शेवटी फुला भावाला, परशूला, घेऊन स्वतःच आली. नवऱ्याने दुसरा संसार थाटला असणार, असा तिचा पक्का समज होता. झिलूने तिला अख्खं आवार फिरवून दाखवलं. तिचा राग काही गेला नाही, पण वसतिगृहाच्या सैपाकघराशी ती थबकली. भाताची भलीमोठी भांडी, ढवळायला वल्ह्याएवढे कलथे. सैपाक्याला तिने झिलूकरवी हजार प्रश्न विचारले. मग पायरीवर टेकली.

"आपल्याकडं जोयड्याला शाळा निघाली हाय," ती म्हणाली. "मास्तर हाय, फळा हाय. पोरं न्हाईत. पोरं गुंदात, आणि मधी सगळं रान. तुमी हितं दुसऱ्यांच्या पोरांना खोल्या बांधताय व्हय?"

दुसऱ्या दिवशी झिलूने आपल्या कामाचा हिशेब मागून घेतला. आठवड्याभरात तिघंही गावी परतली.

जोयड्याच्या शाळेलगत मास्तरांनी जागा दाखवली. झिलूने आणि परशूने बांबूची लांब झोपडी उभी केली, वर गवताचं छप्पर, कुडाच्या भिंतींना शेणमाती. झिलूने आत विद्यापीठासारख्याच एकेकाच्या वेगळ्या खोल्या पाडल्या. मग गुंद, नंदिगड्डे आणि वाड्यावस्त्यांवर फिरून तो लेकरं मागू लागला. लोक त्याच्याकडे संशयाने बघत. आपलं पोर रानापलीकडे ठेवायचं आणि वाघराने नेलं तर, असं ते विचारीत. अखेर परशूने आपला लाडू दिला, मागोमाग आणखी चारदोन मुलं आली. फुलाने हट्टाने एक मुलगीही आणली, तिची नंदिगड्ड्याची भाची बाळी. झिलू आणि फुला मुलांबरोबर तिथेच राहू लागली.

थोडेच दिवस गेले आणि एका सकाळी दोन मुलं खोल्यांत नव्हती. झिलू जंगलातल्या पाऊलवाटेने गुंदपर्यंत धावत गेला. दोघं आपापल्या आईच्या चुलीशी आंबील पीत बसलेली. गावकऱ्यांनी झिलूला नको नको ते ऐकवलं. आपण पाहिलं तसंच्या तसं केलं, मग चुकलं कुठे, हे त्याला कळेना. त्याने मुलांनाच विचारलं. धाकटा खाली मान घालून म्हणाला, "येकटं झोपाय भ्या वाटतं. घरात कोण येकटं झोपतंय?"

झिलू परत आला आणि त्याने आतले सगळे कूड उपटून काढले. एकच मोठी खोली झाली. मधोमध चूल, भोवती सगळ्यांची अंथरुणं, बाळीचं फुलाजवळ. जेवायलाही सगळी चुलीभोवतीच बसू लागली, कुणबी, गौळी, गुंदातल्या वाण्याचा मुलगा, सगळी एका गोलात. वाण्याने तक्रार केली. फुलाने त्याला सांगितलं की चूल एकच आहे. मुलाला परत न्यायला तो आला, पण मुलगाच गेला नाही. पळालेली दोघंही परतली.

पुढची कितीतरी वर्षं ती झोपडी वाढत गेली. लाडू सुप्याच्या टपालकचेरीत नोकरीला चिकटला. बाळी धारवाडला शिकून मास्तरीण झाली आणि नंदिगड्ड्यातच पहिली नेमणूक मागून घेतली. झिलू स्वतः अक्षर शिकला नाही. संध्याकाळी मुलं आली की आज काय सांगितलं, असं तो विचारी. पृथ्वी फिरते हे ऐकून तो दोन दिवस अस्वस्थ होता. मग फुलाच्या तव्यावर गुंद म्हणून नाचणीचा दाणा ठेवून, तवा फिरवून, त्याने मुलांकडून ते तीनदा समजून घेतलं.