दुसरी सूचना

जपानच्या मियाके बेटावर भोंग्यातून जो आवाज येतो, तो माझा. ओयामा या ज्वालामुखी डोंगराचा गंधकाचा धूर वाऱ्याने आमच्या त्सुबोता गावाकडे वळला की गावाला मी सांगायचं. पहिली सूचना फक्त नाजूक छातीच्या लोकांना: मास्क लावा, घरात जा. दुसरी सूचना सगळ्यांना. तिच्याआधी धडधाकट माणसाने मास्क लावला, तर शेजारी लगेच विचारतात, "काय हो, छाती नाजूक झाली वाटतं?"

माझ्या शेजारच्या तोयोमावशीला नेमकी याच प्रश्नाची धास्ती होती. तिला लहानपणापासून दमा. डोंगर फुटल्यावर आम्हा सगळ्यांना बेट सोडून साडेचार वर्षं तोक्योत काढावी लागली. तिचा नवरा तिथेच वारला. परतताना प्रत्येकाची तपासणी होती आणि दमेकऱ्यांना त्सुबोतात दिवसा कामापुरतं यायला मुभा होती, राहायला परवानगी नव्हती. बाईने फॉर्मवर बेधडक "आजार नाही" लिहिलं. तिला घर राखायचं होतं, घरामागचं अशिताबाच्या भाजीचं वावर राखायचं होतं. खरं फक्त मला ठाऊक होतं, कारण तिच्या खिशातला दम्याचा पंप मी एकदा पाहिला होता.

"कुणाला बोललीस तर बघ," तेव्हा ती म्हणाली.

"आणि एक दिवस उलथलीस म्हणजे?"

"माझ्याच वावरात उलथेन ना! मग तुझ्या त्या घोगऱ्या आवाजात कर जाहीर."

पहिली सूचना झाली की ही मुद्दाम रस्त्याकडच्या वाफ्यात भाजी खुडायला बसायची, मास्कची पिशवी कमरेला तशीच लटकत. मला तिचा संताप यायचा, आणि भीतीही वाटायची.

त्या मंगळवारी सकाळी दहाला मी पहिली सूचना दिली. थोड्या वेळाने वारा पडला. धूर मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्या सूचनेच्या बराच खाली होता, पण धूर गावावर बसून राहिला. माझ्या खिडकीतून तिचं वावर दिसतं. मावशी वाफ्यात होती, पण खुडत नव्हती. गुडघ्यांवर हात टेकून ओणवी उभी होती.

तिचं नाव घेऊन पुकारावं, तर तिचं घर गेलं. न पुकारावं, तर ती. मी बटण दाबलं आणि म्हणाले, "दुसरी सूचना. सर्वांनी मास्क लावावेत."

आता गावाबरोबर तिलाही लावता येणार होता. मी धावत सुटले. वाटेत पोस्टमन, मासळीवाली, दुकानदार, सगळे मुकाट मास्क चढवत होते. एकानेही काही विचारलं नाही.

मावशी वाफ्यात बसली होती. ओठ निळे पडले होते, रिकामा पंप शेजारी पडला होता आणि मास्क हातात. "मास्क बिघडलाय मेला... हवाच येत नाही."

मास्कच्या गाळणीवरचं कागदी सील जसंच्या तसं होतं. बेटावर परतल्यापासून दोन वर्षांत बाईने तो एकदाही वापरला नव्हता! मी सील टरकावलं, मास्क तिच्या तोंडावर बसवला आणि तिला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठला.

अर्ध्या तासाने तिचा श्वास जरा सुरळीत झाला. डॉक्टरांनी विचारलं, "असा त्रास आधी कधी?"

"छे, आजच," मी घाईघाईने म्हणाले. "दुसरी सूचना होती ना, धूरच तेवढा होता."

"खोटं," मावशी म्हणाली. दोन शब्दांमध्ये थांबत थांबत बोलत होती. "दुसऱ्या सूचनेला यंत्र आपोआप खांबावर लाल दिवा लावतं. तुझ्या पाठीवरून बघत आले मी, पोरी. पहिलीचा पिवळाच होता."

मी तिच्या उशीची खोळ सारखी करू लागले.

"आज माझ्यासाठी केलंस. उद्या खरीच दुसरी सूचना येईल, आणि लोक म्हणतील, थांबा, आधी दिवा बघू. तुझा आवाज ऐकला की गाव मास्क लावतं. माझ्यापायी ते मोडायला नको." मग ती डॉक्टरांकडे वळली. "दमा आहे. साठ वर्षं झाली. घाला माझं नाव दमेकऱ्यांच्या यादीत."

"मावशी, घर जाईल गं," मी म्हणाले.

"मला काय सांगतेस? घर माझं आहे."

डॉक्टरांनी यादी काढली. ती त्यांच्या पेनाकडे टक लावून बघत होती.

"ओकियामा तोयो," ती म्हणाली. "आणि पत्ता त्सुबोताच लिहा. आज तरी मी तिथलीच आहे."