उभ्या गाडीचा अ‍ॅक्सल

मिस्त्रीच्या गॅरेजात एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुधा सगळे पाळायचे. नियम असा, की उभ्या गाडीचा पार्ट धावत्या गाडीला द्यायचा. एखादी गाडी मागच्या अंगणात येऊन पडली, मालक फिरकेनासा झाला, की आधी तिचा आरसा जायचा, मग बॅटरी, मग गिअरबॉक्स. त्यात कुणाला काही वाटायचं नाही. वाटेत अडकलेल्या ड्रायव्हरला घरी पोचवायचं पुण्य उभ्या गाडीच्या पदरात पडतं, असं मिस्त्री म्हणायचा. आणि एकदा का गाडीचा पहिला मोठा पार्ट निघाला, की ती पुन्हा रस्त्याला लागत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ते मात्र कुणी बोलून दाखवत नसे.

मिस्त्री म्हणजे अडल्यानडल्यांचा माणूस. ‘नाही’ म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. बायको वैतागून म्हणायची, या माणसाला रस्त्यात अडवून कुणी अंगावरचा शर्ट मागितला, तर हा तुटलेलं बटण लावून देईल. अशा माणसाच्या हातून कुणाचं वाईट होईल असं कुणाला वाटणार? पण चांगल्या माणसाच्या चुका जास्त लागतात. वाईट माणसाचं काय, आपण आधीच सावध असतो.

त्याचा थोरला भाऊ ट्रक चालवायचा. त्याला सगळे दादा म्हणायचे, त्याच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. गाडी जुनी होती. तसल्या गाड्या बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. दादा चालवायचा आणि मिस्त्री दुरुस्त करायचा, आणि गाडी नेमकी कुणाला कळते यावर दोघांचं आयुष्यात एकमत झालं नाही. दादा खेपेवरून आला की खाली उतरायच्या आधीच म्हणायचा, “डाव्या चाकात काहीतरी बोलतंय.” मिस्त्री म्हणायचा, “तुझे कान बोलतायत.” मग तो चाक काढायचा आणि बेअरिंग खरोखर गेलेलं असायचं. दादा तिथेच उभा राहून चहा प्यायचा, आणि तो चहा मिस्त्रीला झोंबायचा.

मग दादाची डावी बाजू गेली. सकाळी अंथरुणातून उठायला गेला आणि उठलाच नाही. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालतील कदाचित, गाडीचं मात्र विसरा. हे दादाला सांगायचं कुणी? कुणीच सांगितलं नाही. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. मिस्त्री अधूनमधून इंजिन चालू करून बघायचा आणि घरी येऊन सांगायचा, “ठणठणीत आहे.” दादा मान हलवायचा.

तशात एक ड्रायव्हर आला. त्याच्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल मोडला होता, गाडी भर रस्त्यात मालासकट आडवी होती आणि गाडी नेमकी दादाच्या गाडीच्या जातीची. त्याने मिस्त्रीचे हात धरले. मिस्त्रीने ताडपत्रीकडे पाहिलं. क्षणभर घुटमळला, पण क्षणभरच. दादा आता चालवत नाही हे खरं होतं. त्याला विचारायला जावं तर तेही सांगावं लागलं असतं. सांगून उगाच कशाला दुखवायचं? त्याने अ‍ॅक्सल काढला, चाकं धरणारे दोन्ही हब आणि चाकंही त्याच्याबरोबर दिली, आणि दादाच्या गाडीचं तोंड लाकडी ठोकळ्यांवर टेकवलं. मागून मिळेलच की एखादा, असं स्वतःला म्हणाला. पुढे त्या ड्रायव्हरची गाडी विकली गेली, तुटली, आणि अ‍ॅक्सल कुठल्या भट्टीत वितळला कोण जाणे.

काही महिन्यांनी एका सकाळी दादा गॅरेजच्या दारात उभा राहिला. काठी टेकत, भिंत धरत, वहिनीला मागे ठेवून तो एकटा चालत आला होता. सगळे हातातलं काम सोडून उठले. वेल्डरने तर टाळ्या वाजवल्या. दादा घामाघूम झाला होता पण चेहरा उजळला होता. “गाडी बघायला आलो,” तो म्हणाला. मिस्त्री “अरे बस तरी, चहा घे,” म्हणेपर्यंत तो अंगणात पोचला होता.

ताडपत्री पुढून वर सरकलेली होती. चाकांच्या जागी ठोकळे होते. दादा तिथे बराच वेळ उभा राहिला. रागावला असता, चार शिव्या घातल्या असत्या, काठी उगारली असती तरी चाललं असतं. त्याने नुसती ताडपत्रीची कड काठीने खाली ओढली, आणि आला तसा गेला.

त्यानंतर तो घराबाहेर पडला नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मिस्त्री भेटायला आला की डोळे मिटायचा. मिस्त्री बोलायचा, समजावायचा, आणि मग उठून गॅरेजात जायचा.

“व्यायाम सोडला त्यांनी,” एकदा वहिनी म्हणाली. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. “भावोजी, तुम्हाला माहीत नाही. रोज सकाळी भिंतीला उशी लावून तिच्यावर डावा पाय दाबायचे. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. मी म्हटलं, हा कसला व्यायाम? तर म्हणाले, क्लच आहे. कुणाला सांगू नकोस.”

त्या घरात एकटा दादाच गाडीवर परतायच्या तयारीला लागला होता, आणि सख्ख्या भावाने त्याला नियमाप्रमाणे उभ्या गाड्यांत जमा करून टाकलं होतं. मिस्त्री जिन्यात येऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग तोंड धुऊन अ‍ॅक्सल शोधायला निघाला.

आता जुन्या गाडीला अ‍ॅक्सल शोधणं म्हणजे उपवर मुलीला स्थळ शोधण्यापेक्षा अवघड. तिथे निदान थोडं इकडचं तिकडचं चालवून घेता येतं. मिस्त्रीने एका पुठ्ठ्यावर दादाच्या गाडीच्या मागच्या हबच्या भोकांचा ठसा काढला आणि तो काखेत मारून गावोगावची भंगारची दुकानं पालथी घातली. एका अ‍ॅक्सलची भोकं जुळली तर स्प्रिंगचे पाटे बसायची जागा दोन बोटं रुंद निघाली. दुसऱ्याचे पाटे बसले असते, पण हबमध्ये बेअरिंग सैल. तिसरा सगळ्याच बाबतीत बरोबर होता, फक्त मधोमध वाकलेला. भंगारवाला म्हणाला, “मिस्त्री, भोकं जुळत नाहीत तर नवी पाडून घ्या. लोखंडच आहे, रडणार थोडंच आहे.”

“जुन्या भोकांच्या मध्ये नवी भोकं पाडली की हब फुटतो,” मिस्त्री म्हणाला.

“पण गाडी तर चालवायची नाहीये ना? नुसती उभी करायचीय.”

भंगारवाल्याचं काही चुकलं नव्हतं. उभीच करायची तर रंगवलेली पिंपंसुद्धा चालली असती. पण मिस्त्री असा काही भडकला, की भंगारवाला दोन पावलं मागे सरला. “चालवायचीय,” मिस्त्री ओरडला. “माझ्या भावाला चालवायचीय.”

शेवटी तुकड्यातुकड्याने जमलं. मुख्य दांडा एका वीटभट्टीवर मिळाला. तिथे जुन्या अ‍ॅक्सलवर पाण्याची टाकी बसवून ती ओढत नेत असत. हब दुसऱ्याच गाडीचे. लाकडाच्या वखारीबाहेर दोन चाकं आडवी पडलेली होती आणि त्यांच्यावर हमाल बसून विड्या ओढायचे. मिस्त्रीने हमालांना उठवून पुठ्ठा चाकावर ठेवला. भोकावर भोक बसलं. हमालांना काही कळेना, की हा भला माणूस चाकाला कवटाळून का बसलाय. बसायला दुसरं काहीतरी आणून देतो असं कबूल करून त्याने चाकं नेली, आणि दुसऱ्या दिवशी खरोखर एक बाकडं पाठवलं.

अ‍ॅक्सल लागला, ठोकळे निघाले, गाडी आपल्या पायावर उभी राहिली. आणि नेमकी त्याच आठवड्यात आणखी एक गाडी ओढून आणली गेली. तीच जात, तोच पुढचा अ‍ॅक्सल मोडलेला. हिचा ड्रायव्हर तरुण होता. तो गाडीतच झोपायचा, तिथेच स्टोव्हवर शिजवायचा आणि धुतलेले कपडे आरशाला वाळत घालायचा. घरी फोन करून उद्या निघतो असं रोज सांगायचा. एके दिवशी त्याने दादाच्या गाडीखाली वाकून पाहिलं.

“मिस्त्री, इथे आहे की एक.”

“तो नाही मिळणार.”

“पण ही तर उभीच आहे. तुमचा नियम आहे म्हणतात—”

“ही उभी गाडी नाही,” मिस्त्री म्हणाला. “तुला दुसरा शोधून देतो.” दुसरा कुठेही नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? जन्मात पहिल्यांदा त्याने अडलेल्या माणसाला नाही म्हटलं. गॅरेजातले त्याच्याकडे पाहत राहिले.

दादाला आणणं त्याहून कठीण. चाकं लावली हे सांगून तो उठला नाही. वहिनीने विनवलं, तरी नाही. मग मिस्त्रीला एक युक्ती सुचली. पलंगाच्या कडेवर बसून तो म्हणाला, “दादा, चालू केली की डावीकडून काहीतरी आवाज येतो. मला कळत नाही.”

दादा भिंतीकडेच पाहत म्हणाला, “तुला कधी कळला होता?” आणि त्याने उठायला हात पुढे केला.

अंगणात आल्यावर दादा चाकांसमोर थांबला. काठीने त्याने टायर ठोकून पाहिला, खाली वाकून नटांवरून बोट फिरवलं. वेल्डर आणि मिस्त्रीने मिळून त्याला केबिनमध्ये चढवलं. स्टिअरिंगवर हात टेकताच त्याच्या खांद्यांचं ओझं उतरल्यासारखं झालं. इंजिन सुरू झालं. दादाने डावा पाय उचलून क्लचवर ठेवला आणि दाबला. पाय अर्ध्यावर गेला आणि घसरला. पुन्हा दाबला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा त्याने गुडघ्यावर हाताने जोर दिला, कपाळावरच्या शिरा तटतटल्या, पण पाय काही ऐकेना. इतके महिने अंथरुणात पडून राहिल्याने होता नव्हता तो जोरही गेला होता.

मिस्त्री दुसऱ्या बाजूने केबिनमध्ये शिरला. पायांपाशी गुडघे टेकून बसला, दोन्ही हातांनी क्लच धरला आणि म्हणाला, “तू नुसतं सांग.”

“दाब,” दादा म्हणाला. उजवा हात आडवा नेऊन त्याने गिअर टाकला. “सोड. हळू, गाढवा, हळू सोड.”

गाडी हलली. अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेली, तिथे थांबली, आणि उलट्या गिअरमध्ये मागे आली. मिस्त्रीला खालून काहीच दिसत नव्हतं. दिसत होती फक्त दादाच्या निर्जीव पायातली चप्पल आणि वर त्याची हनुवटी. दादा पुन्हा एकदा म्हणाला, “दाब.” पुन्हा फाटक, पुन्हा परत. एकदा तर तो हसला. मग इंजिन बंद झालं.

“आवाज कुठे येतोय?” दादाने विचारलं.

“येत नाही.”

“माहीत आहे.” दादा काचेतून समोर पाहत होता. समोर त्या तरुण ड्रायव्हरची गाडी ठोकळ्यांवर टेकली होती आणि आरशाला शर्ट लटकत होता. ड्रायव्हर पायरीवर बसून यांच्याकडेच बघत होता. “ती का थांबलीय?”

मिस्त्री क्लचवरची माती खरवडत राहिला.

“पुढचा अ‍ॅक्सल ना? आणि तो तुला मागतोय.”

“मागू दे. हा तुझा आहे. दादा, मी चुकलो. मला वाटलं तू आता काही चालवणार नाहीस.”

“ते बरोबरच वाटलं तुला. बघितलंस ना आत्ता, पाय कुठे उठतोय.” दादाने चांगल्या हाताने डावा पाय उचलून क्लचवरून बाजूला ठेवला. “पण विचारायचं होतंस मला. रस्त्यात कुणी अडलाय म्हणून सांगितलं असतंस, तर दिला असता की मी. मीच दिला असता.”

मिस्त्री तसाच खाली बसून राहिला. त्याला वर पाहवेना. हुंदका दाबायला त्याने तोंडावर हात घेतला तर सगळं तोंड ग्रीसने माखलं. बाहेर वेल्डर काहीतरी ठोकत होता, तेही थांबलं.

बऱ्याच वेळाने मिस्त्री उठून सीटवर बसला, दादाच्या शेजारी, माल भरून निघाल्यावर कधीकाळी बसायचा तसा.

“दादा,” तो म्हणाला, “त्या पोराची गाडी अडलीय. तुझा अ‍ॅक्सल काढू का?”

दादाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. चांगल्या हाताची बोटं त्यावरून फिरत राहिली.

“काढ,” तो म्हणाला. “पण मला खाली उतरवू नकोस. मी इथेच बसतो.”

मिस्त्रीने ड्रायव्हरला हाक मारली, जॅक आणवला आणि गाडीचं तोंड उचललं. वर केबिनमध्ये दादा सरळ बसून होता, रस्त्याकडे पाहत. चाकं निघाली, मग हब, मग दांडा. मिस्त्रीने ठोकळे सरकवले आणि जॅक अगदी हळूहळू सोडला, दादाला हिसका बसू नये म्हणून.