हळदीवर फुटलेली सही

ती घटना विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही, कारण खिशातून पेन काढलं की ती समोर उभी राहते. मी मूळचा धारचा. तेव्हा देवासच्या एका पोलीस ठाण्यात टीआय, म्हणजे ठाण्याचा प्रमुख होतो. सगळं ठाणं बॉलपेनवर चालायचं. मी एकटाच रोजनाम्यावर शाईच्या पेनाने सही करायचो आणि ठाण्याची लिखापढी करणारा आमचा मुन्शी वैतागायचा, कारण सरकारी कागदावर शाई फुटायची. अक्षराच्या कडेने ती कागदाच्या धाग्यांत शिरायची आणि सही केसाळ दिसायची.

ह्यावर औषध बाजारातल्या एका पेनांच्या दुकानात मिळायचं. दुकानदार आमच्यासारखेच माळव्यातले जुने मराठी. त्यांना सगळे काका म्हणत. शाई फुटू नये म्हणून ते तिच्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी घालत. डिंक जास्त झाला तर शाई निबेपर्यंत उतरत नाही, म्हणून वरून रिठ्याच्या पाण्याचा एखादा थेंब. हे प्रमाण जमायला हात लागतो, आणि काकांना त्या हाताचा अभिमान होता, थोडा जास्तच.

एका सकाळी काका तक्रार घेऊन ठाण्यात आले. शेजारच्या दुकानदाराने त्यांना सहज विचारलं होतं, "काका, दुकान भतीजे के नाम कर दिया क्या?" काका तडक नगर निगमात, म्हणजे महापालिकेत गेले. तिथे पुतण्याने दुकान त्याच्या नावावर करण्याचं संमतीपत्र दाखल केलं होतं आणि खाली त्यांचीच सही होती. मी मूळ कागद मागवून घेतला.

काकांनी सहीवर बोट ठेवलं. "साहेब, माझी शाई फुटत नाही. ही बघा कशी चहूकडे पसरली आहे. ही सही माझी नव्हे."

सही खरोखर फुटलेली होती, इतकी की हस्ताक्षर तपासणाऱ्या तज्ज्ञानेही हात टेकले. रेषाच शाबूत नाहीत, मत काय देणार, असं तो म्हणाला.

पुतण्याला बोलावलं. आईबाप गेल्यापासून तो काकांच्याच घरी वाढला होता. मराठी घरात बोलायचा, पण शिक्षण हिंदीत झालेलं. मी त्याला उलटसुलट विचारलं, दटावलं, तासभर नुसतं बसवून ठेवलं. खोटं बोलणाऱ्याची गोष्ट दर वेळी थोडी सुधारत जाते. ह्याची जशीच्या तशी राहिली.

"साहब, काकांनी खुद केली सही. मी समोर होतो, काकू पण होती. त्यांनीच म्हटलं, आता तू सांभाळ."

"मग ते नाही का म्हणतात?"

"पता नहीं साहब. माझं काय चुकलं, तेच त्यांना विचारा ना."

काकूंचा जबाब मात्र त्याच्या विरुद्ध होता. मी स्वयंपाकघरात होते, मला काही ठाऊक नाही, एवढंच त्या म्हणाल्या. फिर्याद पक्की, साक्षीदार नाही. त्याच्या अटकेचे कागद तयार होऊ लागले. बनावट दस्तऐवजाचा गुन्हा म्हणजे पोराचं आयुष्य वाया गेलंच म्हणायचं.

अटकेआधी मी तो कागद पुन्हा भिंगाखाली धरला. चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं होती. आपल्या घरांत शुभ कागदाला ती लागतातच, म्हणून आजवर कुणी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. सही उजव्या कोपऱ्यात होती, अर्धी हळदीवर. अर्धीच फुटलेली असती तर हळदीचा संशय आधीच आला असता, पण पाण्याचा ओघळ पुढपर्यंत गेला होता.

मी मुन्शीकडून हळद मागवली. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू साहेबांना आता पूजा सुचली. एका कागदावर मी आधी सही केली आणि वाळल्यावर ओली हळद लावली. शाई धुपली, डाग पडला. दुसऱ्या कागदाला आधी हळद लावली आणि ओलसर असतानाच सही केली. ती थेट संमतीपत्रावरच्या सहीसारखी फुटली. पेनात शाई काकांचीच होती.

म्हणजे हळद आधी, सही नंतर. खोटी सही करणारा कोरडा, गुळगुळीत कागद निवडतो. तो कोपरे ओले करून त्यावर पेन टेकवत नाही. ती हळद कुणीतरी मनापासून लावली होती.

मी काकांच्या घरी गेलो. काका दुकानात होते. काकूंना मी एवढंच विचारलं, "काकू, ह्या घरात कागदाला हळदकुंकू कोण लावतं?"

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "मीच लावलं. पाणी जास्त झालं. ह्यांनीच सही केली, भाऊ. आनंदाने केली. आणि संध्याकाळी मला विचारतात, आज कोणी आलं होतं काय?"

"मग ठाण्यात गप्प का राहिलात?"

"वर्षभर ह्यांचं विसरणं झाकते आहे. भाजी दोनदा आणतात, मी दोनदा शिजवते. पुतण्या तरुण आहे, आज ना उद्या सुटेल. ह्यांना एकदा लोकांनी वेडा म्हटलं की मग काय उरलं?"

मला त्यांचा राग आला. एका निर्दोष मुलाला त्या तुरुंगात जाऊ देत होत्या. आणि तरी त्यांच्यावर आवाज चढवणं जमलं नाही, हेही खरं.

काका, काकू आणि पुतण्या, तिघांनाही ठाण्यात बोलावून मी तिन्ही कागद काकांपुढे ठेवले आणि भिंग दिलं. समजावून सांगायची गरज पडली नाही. पुष्कळ वेळ बघून ते म्हणाले, "शाई माझी आहे. वळणही माझंच." मग काकूंकडे वळले. "मी होतो का गं तिथे?"

काकूंनी होकारार्थी मान हलवली. काकांनी भिंग पुसून मला परत केलं आणि पुतण्याचा हात धरला. गुन्ह्याचा खात्मा अहवाल मी त्याच दिवशी लिहिला आणि प्रकरण बंद केलं.

चौकशीत एकाचं खरं निघालं की दुसरा खोटा, ह्या हिशेबावर माझी सारी नोकरी चालली. इथे फिर्यादी आणि आरोपी दोघेही खरं बोलत होते, आणि खोटं बोलली ती दोघांना जीव लावणारी बाई. एकाला सोडवताना दुसऱ्याचा स्वतःवरचा विश्वास माझ्या हातून गेला. तो कुठल्या कलमाखाली परत करायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा त्या दुकानात गेलो. काकांनी माझं पेन भरलं, निब पुसून दिली. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, आणि मग त्यांनी हसून विचारलं, "बोला साहेब, काय हवं?"

मी गल्ल्यावरच्या पुतण्याकडे बघितलं. त्याने माझ्या हातातून पेन घेतलं, पाठमोरा होऊन शाई बाटलीत परत ओतली आणि रिकामं पेन काकांपुढे ठेवलं. "काका, साहेबांना शाई भरून हवी आहे."

काकांनी तितक्याच काळजीने ते पुन्हा भरलं.