कोठीतली हवा

देवरीत समुद्र कुठून येणार? पण आमच्या मधल्या खोलीत तो होता, चार फुटी काचेच्या टाकीत. माझ्या नवऱ्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडली, तेव्हा तीच म्हणाली, "बाबाच्या हाताले संध्याकाळी काही तरी काम पायजे." म्हणून नागपूरहून टाकी, मिठाची पाकिटं आणि केशरी पट्ट्यांचे दोन मासे आले. पुढे लेक शिकायला बाहेर गेली. टाकी नीट तर हा नीट, अशी मी मनाशी गाठ मारली, आणि तीन वर्षं निर्धास्त झोपले.

खाऱ्या पाण्याचा पीएच आठच्या जरा वर असावा लागतो. घसरला की मासे धापा टाकतात. सकाळी मी मोजायची, संध्याकाळी शेतावरून आला की तो. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, आलेला रंग कार्डावरच्या रंगाशी ताडायचा. माझी वही वेगळी, त्याची वेगळी. तो आकडा मोठ्यानं सांगायचा. त्याची वही मी कधी उघडली नाही. तोंडात वेलची असायची. दारू सुटलेल्या माणसाला काही तरी चघळायला लागतं म्हणून ती मीच आणून द्यायची.

हवेचा पंप फार घरघर करतो, म्हणून त्यानं तो शेजारच्या कोठीत ठेवला होता आणि भिंतीला भोक पाडून नळी टाकीत सोडली होती. कोठीत धान आणि सुकवलेली मोहफुलं. मोहाचा वास आमच्या घराला बारा महिने असतोच. दिवाळीनंतर त्यानं कोठीला कुलूप लावलं. उंदीर झाले म्हणे. कुलपानं उंदीर कसे थांबतील, हे माझ्यासारख्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला सुचलं नाही.

त्याच हिवाळ्यात माझे आकडे घसरू लागले. ८.०, मग ७.८, मग ७.६. त्याचा आकडा मात्र रोज ८.२. अंधारात पीएच थोडा उतरतो, सकाळी कमीच भरतो, हे मला ठाऊक होतं. पण इतका?

"तुयाच हातानं बिघडून रायलं," तो म्हणाला. "दाना जास्त टाकतेस त्यायले."

मी दाणा कमी केला. मग खायचा सोडा तव्यावर भाजून, पाण्यात विरघळवून टाकीत सोडू लागले. आकडा जरा चढायचा, पुन्हा खाली. मी सोडा वाढवला. हा दारात चहाचा कप घेऊन बघायचा आणि म्हणायचा, "टाक अजून थोडासा." आठव्या दिवशी एक मासा तळाशी आडवा पडलेला दिसला. मी रडले. त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला आजही सहन होत नाही.

त्या रविवारी मी टाकीतलं पेलाभर पाणी अंगणात नेलं आणि तासभर ढवळत बसले. मोजलं, तर ८.२. म्हणजे दोष पाण्याचा नव्हता, माझाही नव्हता. हवेचा होता. आणि टाकीत हवा येत होती कोठीतून.

कुलूप मी वरवंट्यानं फोडलं. पोत्यांमागे प्लास्टिकचा ड्रम होता, तोंडाला फडकं बांधलेला. आत दारूसाठी मोहफुलं सडत घातलेली, वर बुडबुडे फुटत होते. ड्रमला चिकटून पंप. चुन्याची निवळी दुधाळ करणारा वायू म्हणून जो मी दर वर्षी मुलांना दाखवते, पाण्यात मिसळला की पीएच उतरवणारा, तोच इथे ड्रममधून निघत होता आणि पंप तो रात्रंदिवस माझ्या माशांच्या पाण्यात फुंकत होता. मी पंप उचलून अंगणाच्या खिडकीत ठेवला.

दुपारी तो जेवायला आला. मी ड्रमकडे बोट दाखवलं.

"थोडंसंच हाये," तो म्हणाला. "गाळतो वावरात. घरी नाई आनत."

"आन तो मासा?"

"हवेनं मरते म्हून मले का मालूम?"

हे मला खरं वाटलं. माणूस पुन्हा घसरतो, असंही मनात आलं. मी नरम पडत होते. त्याला हातपाय धुवायला सांगितलं आणि अंगणातला आकडा लिहायला फळीवरची वही ओढली. हाताला त्याची आली.

आजच्या संध्याकाळचा आकडा तिच्यात लिहिलेला होता. ८.२. घड्याळात दुपारचा एक वाजला होता. मी पान उलटलं. उद्या ८.२, परवा ८.२, थेट महिनाअखेरपर्यंत, एकाच पेनानं, एका बैठकीत लिहिलेलं.

बाहेर तो पाय धूत होता. खिडकीतल्या पंपामुळे उरलेला मासा वर येऊन पोहत होता. वहीची मागची पानं, तीन वर्षांची, अजून माझ्या हातात होती. ती उलटायची माझी छाती झाली नाही.