‘इतर’ची रांग

टोकावड्याजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत माझा सराव पाठ होता. वर्ग पाचवी, विषय स्तंभालेख. मागे निरीक्षक मॅडम वही घेऊन बसल्या होत्या. हा पाठ गेला तर वर्ष वाढणार होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वाढलेलं वर्ष घरी कसं समजावायचं, हे मला माहीत नव्हतं.

आदल्या दिवशी मी मुलांचे चार गट केले होते. प्रत्येक गटाने पाठाच्या दिवशी सकाळी पाड्यावरच्या पाच-सहा घरी जाऊन आज कोणती भाजी केली ते विचारायचं, एका घराचा एक चिंचोका. व्हरांड्याच्या लाद्यांवर मी खडूने पाच रांगा आखल्या होत्या. बटाटा, वांगी, कोबी, टोमॅटो आणि इतर. एका लादीवर एकच चिंचोका ठेवायचा.

बटाट्यापुढे तीन चिंचोके आले, वांग्यापुढे एक. कोबी, टोमॅटो रिकामेच. ‘इतर’ची रांग मात्र व्हरांडा संपवून पायरी उतरली.

“बटाट्याला कोण इचारत नाय ताई आमच्याकडं,” एक मुलगा म्हणाला. सगळे हसले.

एका मुलीला हसू आलं नाही. हातातले दोन चिंचोके दाखवत ती म्हणाली, “ह्यो टाकळ्याचा, ह्यो भारंगीचा. दोघं एका रांगेत कसे?”

 ही यादी पुस्तकातली नव्हती, मीच पाठाच्या टाचणात, म्हणजे आराखड्यात, केली होती. पाठासाठी मी शेजारच्या गावात मावशीकडे उतरले होते. तिने डब्यात टाकळाच दिला होता आणि मी तो झाकणाआडून खाल्ला होता. मी मॅडमकडे न बघता ‘इतर’ पुसून टाकलं आणि मुलांना रानभाज्यांची नावं सांगायला सांगितली. टाकळा, भारंगी, कुरडू, कंटोळी, फोडशी. मी लिहीत गेले. एक नाव मला ठाऊकच नव्हतं. ती मुलगी कुंपणाकडे पळाली आणि त्याचं ओलं पान घेऊन आली.

शेवटी टाकळा आणि भारंगी बरोबरीत आले. तुमी आज काय खाल्लं, असं कुणीतरी मला विचारलं. टाकळा, मी म्हणाले आणि माझा चिंचोका ठेवला. टाकळा जिंकला.

“तुमचा धरायचा नाय ताई,” तीच मुलगी म्हणाली. “आमी पाड्यावरची घरं मोजली. तुमचं घर हितं नाय.”

मी थक्क झाले. कुणाला मोजायचं, कुणाला नाही, हे मी कॉलेजात जाड पुस्तकातून पाठ केलं होतं. ते मला तेव्हा, त्या लाद्यांवर कळलं. मी चिंचोका उचलला.

मॅडमनी वहीत लिहिलं होतं, ‘पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही.’ त्याखाली गुण होते, पास होण्यापेक्षा बरेच जास्त. मी ते दोनदा वाचले. चिंचोका अजून मुठीतच होता.