उजव्या कानशिलावरची खूण

माणच्या ऑफिसात माझं काम मेंदूच्या एमआरआयच्या फाइली सरळ करण्याचं. चित्रात साधारणपणे पेशंट आपल्याकडे तोंड करून असतो, म्हणून त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला दिसते. काही सॉफ्टवेअर नेमकं उलट दाखवतात. मेंदूचे दोन्ही भाग वरवर सारखेच. फाइलमधली बाजूची नोंद चुकली, तर कुणाच्या बापाला कळत नाही. मी अशा फाइली शोधून काढते आणि त्यांच्यावर मनसोक्त चिडते.

मग अण्णांना, माझ्या वडिलांना, फिट आली आणि मेंदूत गाठ निघाली. सर्जन म्हणाले, गाठ डावीकडे आहे, बोलण्याच्या जागेत. काढली तर वाचा जाईल, ठेवली तर माणूस. उजवीकडे असती तर वाचा वाचली असती, असंही म्हणाले. हे त्यांनी बोलायला नको होतं. मी तेवढंच धरून बसले. मी रोज उलट्या फाइली बघते, एक माझ्या वाट्याला का येऊ नये?

ऑपरेशनआधी पुन्हा स्कॅन होता. टेक्निशियनच्या हातापाया पडून मी अण्णांच्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटपट्टीनं लावली. तिच्यातलं तेल चित्रात पांढरं उमटतं, मग उजवी बाजू कोणती याबद्दल वाद उरत नाही.

“हे काय डकवलंस गं माय?”

“उजवीकडची खूण आहे, अण्णा.”

चाकणच्या कंपनीत त्यांनी जन्मभर गाडीच्या दारांचे डावे-उजवे पार्ट तपासून त्यांवर खडूनं खुणा केल्या. एकदम खूश झाले. “बरं केलंस. बिनखुणेचा पार्ट पुढं जाऊच द्यायचा नसतो.”

ठिपका उमटला, गाठीच्या विरुद्ध बाजूला. फाइल सरळ होती, गाठ डावीकडेच होती. त्या निर्दोष फाइलीला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, “आली का खूण बरोबर?”

“आली, अण्णा.” त्याचा अर्थ काय, ते मी सांगितलं नाही.

“मग झालं तर.”

ऑपरेशनला चार महिने झाले. अण्णा बोलत नाहीत, आणि बोलतील ही आशा मी सोडली आहे. उजवा हातही गेला. त्यांना मी मारुंजीच्या माझ्या खोलीवर आणलंय. मी ऑफिसातून आले की ते डाव्या हातानं उजवं कानशील चाचपतात आणि माझ्याकडे बघत राहतात.

मी म्हणते, “बरोबर आली, अण्णा.”

ते मान हलवतात.