सुंदराकाकूंचे धाविक

आमच्या शेजारच्या सुंदराकाकू घरातल्या स्वच्छ फरशीवरही खाली बघत, पाऊल जपून टाकत चालायच्या. कुणी हसलं तर म्हणायच्या, "हसा. माळावर असं धडाधडा चालाल तर एखाद्याचा संसार पायाखाली जाईल."

हा संसार धाविक पक्ष्याचा. तुम्ही तो पाहिला नसेल, म्हणून नीट सांगते. टिटवीपेक्षा थोडा लहान, तांबूस तपकिरी, पांढुरके उंच पाय, डोळ्यावरून एक पांढरी रेघ आणि तिच्याखाली काळी. थोडं पळायचं, गपकन थांबायचं, ताठ उभं राहून बघायचं, वाकून किडा टिपायचा आणि पुन्हा पळायचं. तो घरटं बांधत नाही. उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच दोन-तीन अंडी घालतो, आणि ती खड्यांसारखीच दिसतात.

कनेरगाव नाक्याजवळचा माळ काकूंना नवऱ्यामागे मिळाला होता. मूलबाळ नव्हतं. तिथं सोयाबीन घ्या, असं पुतण्या दर वर्षी सांगे. "काहून नांगरू? माझी लेकरं तिथं पळून राहिली," एवढंच काकूंचं उत्तर. मी साठी ओलांडली तरी त्या मला 'पोरी' म्हणत आणि उन्हाळ्यात सकाळी माळावर सोबत नेत.

त्याच माळावर सखाराम धनगर मेंढरं चारायचा. एका उन्हाळ्यात मेंढरांच्या खुरांखाली धाविकाची अंडी फुटली. काकूंनी खाली बसून टरफलं पदरात गोळा केली. मग उठून म्हणाल्या, "सखाराम, उद्यापासून इकडं फिरकू नको."

"काकू, माझा आजा बी इथंच चारत होता. आता मेंढरांना वहाणा घालू का?"

"मस्करी नको. माळ बंद म्हणजे बंद."

काट्यांचं कुंपण पडलं. पावसाळ्यात गवत भरून आलं तेव्हा काकूंनी मला हौसेनं नेलं. "बघ पोरी, आता कोण तुडवतंय माझ्या लेकरांना!"

पुढच्या उन्हाळ्यात ते गवत वाळून कमरेइतकं तसंच उभं होतं. धाविकांची एक जोडी गाडीवाटेच्या उघड्या पट्टीवर दिसली. ती गवतात शिरायची, अडखळायची आणि परत वाटेवर यायची. पळायला जागा नव्हती, आणि दूरचं काही दिसत नव्हतं. काकू बराच वेळ बघत राहिल्या. "मीच दार लावलं गं त्यांच्या तोंडावर," म्हणाल्या. ती जोडी पुन्हा दिसली नाही.

काकू सखारामच्या घरी गेल्या. मागचा मेंढवाडा रिकामा होता.

"मेंढरं इकली, काकू. चारायला जागाच कुठं राहिली? पोरगं वसमतला कारखान्यावर लागलं."

मग काकूंनी कुंपण काढलं आणि स्वतःच विळा घेतला. सकाळी थोडं गवत कापायचं, कंबर धरून बसायचं, पुन्हा वाकायचं. "मेंढरू कसं जमिनीलगत खातं. माझं काम म्हणजे न्हाव्याच्या पोरानं पहिल्यांदा कातरी धरल्यासारखं," म्हणायच्या. अधूनमधून मला विचारत, "तुझी नजर चांगली हाये. दिसून राहिलं का काही?" मी नाही म्हटलं की पुन्हा विळा चालू.

गेल्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. सखाराम भेटायला आला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला. "कुंपण काढलंय रे. मेंढरं आण."

"आणतो, काकू. उद्याच आणतो."

काकू किंचित हसल्या. "व्हय म्हणालास, बरं वाटलं. पण खोटं बोलून राहिलास."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. माळ पुतण्याकडे गेला. नांगर लागायच्या आदल्या दिवशी सखाराम कुणाची तरी मेंढरं मागून घेऊन आला. मी वाटेवर उभी होते. मेंढरं दिवसभर चरत राहिली, आणि आम्ही दोघं उघड्या होत जाणाऱ्या जमिनीकडे बघत होतो. एकही धाविक आला नाही.